नऊ नंबरची हजेरी

दुपारी दोन चव्वेचाळीसला हॉलमधला जुना फोन वाजला, तेव्हा मी आधी फोनकडे पाहिलंच नाही, गुंडीकडे पाहिलं. ती पालथी झोपली होती, एक गाल चादरीत रुतलेला, ओठांच्या कोपऱ्यात लाळेचा बुडबुडा. बुडबुडा लहानमोठा होत होता. म्हणजे ठीक होतं. मग मी उठले. वेळ इतकी नेमकी लक्षात आहे, कारण माझी अकरा महिन्यांची मुलगी झोपली की माझं अर्धं लक्ष तिच्या पाठीच्या हलण्याकडे असतं आणि अर्धं समोरच्या घड्याळाकडे. शेवटचं कधी हलली, मी शेवटचं कधी पाहिलं, ही मोजणी डोक्यात आपोआप चालू असते. हा फोन आता आमच्याकडे कोणी वापरत नाही. नवऱ्याच्या शाळेच्या वयापासूनचा तो, राखी रंगाचा, बटणांवरचे आकडे पुसत आलेले, आणि सासूबाईंचा त्याच्यावर जीव म्हणून भिंतीपाशी टिकून राहिलेला. कालही याच सुमाराला वाजला होता. काल मी धावत जाऊन, गुंडी उठेल या रागानं, उचलून रिसीव्हर तसाच बाजूला काढून ठेवला होता, कानाला लावलाही नव्हता. आज का लावला कोण जाणे. हॅलो म्हटलं. पलीकडे कोणी बोलत नव्हतं, पण नुसती शांतताही नव्हती. एक बारीक, आखूड शिट्टी आली. मग दोन सेकंद काही नाही. मग पुन्हा तशीच शिट्टी. उचकी लागलेल्या मुलासारखी, ठरावीक अंतरानं, न कंटाळता. माझ्या पोटात काहीतरी हललं. गुंडी पोटात असताना पहिल्यांदा हलली होती तसं, असं सांगितलं तर लोक हसतील, पण मला दुसरं उदाहरण सापडत नाही. तो आवाज मी ओळखला होता. एक मोडेम मला हाक मारत होता.

ही शिट्टी ओळखायला मला मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे आमच्या पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूमचे प्रमुख. त्याआधी ते टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते, आणि त्या आयुष्यातून त्यांनी डाव्या कानाचा बहिरेपणा आणि उजव्या कानाचं जरा जास्तच ऐकणं आणलं होतं. कॉलेजातून निघून मी त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा मला सगळं येत होतं, निदान कागदावर. चौदा ठिकाणी चौदा कंट्रोलर. कंट्रोलर म्हणजे पंप, झडपा, टाक्या सांभाळणारी एक पेटी. प्रत्येक पेटीजवळ, तिचे निरोप आवाजात बदलून तारेवरून धाडायला, एक मोडेम आणि एक टेलिफोनची लाइन. या पेट्यांनी एकमेकींना निरोप कसे धाडायचे, ते ठरवून देणं हे माझं काम. कोणाला फोन लावायचा, काय सांगायचं, किती वेळ थांबायचं, उत्तर नाही आलं तर किती वेळा पुन्हा लावायचा आणि कधी नाद सोडायचा. आपला धंदा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, मास्तर म्हणाले होते, फक्त शेळ्यांना फोन जोडून दिलेत. मग त्यांनी मोडेमच्या रुपयाएवढ्या स्पीकरचा आवाज वाढवला आणि मला डोळे मिटून ऐकायला लावलं. हे आकडे फिरले. ही घंटी, पलीकडे वाजतेय. ही आपली शिट्टी, आपण विचारतोय की तिकडे कोणी मोडेम आहे का, की माणसानं उचलला. आता त्यानं लांब सूर धरला, ऐक. आता ओळख झाली, आता कोणत्या वेगानं बोलायचं ते ठरतंय, आणि आता एकदम गप्प. आता कामाचं बोलणं चाललंय, ते आपल्याला ऐकू यायचं कारण नाही. नव्या नवराबायकोसारखं, असं ते पुढे म्हणायचे आणि समोर नुकती लागलेली मुलगी बसलीय हे आठवून खोकायचे. त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत होता, ती म्हणजे पोच. निरोप धाडला पण पोच आली नाही, तर धाडलाच नाही असं धरायचं. पोच न मागणारा प्रोग्रॅम कोणी लिहून आणला की ते चष्मा कपाळावर चढवून एवढंच म्हणत, नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे, आणि कागद परत देत.

रिसीव्हर धरून मी उभी राहिले. पेटीला एक मिनिट थांबायला मीच शिकवलं होतं, तेव्हा ती एक मिनिट थांबणार हे मला ठाऊक होतं. थांबली, आणि लाइन तुटली. मिनिटभरानं फोन पुन्हा वाजला, पुन्हा शिट्टी. मी उभ्याउभ्या बोटांवर मोजायला लागले. आमच्या चौदाही पेट्या रोज दुपारी दोनपासून, चार-चार मिनिटांच्या अंतरानं, कंट्रोल रूमला फोन करून मी आहे एवढंच सांगतात. त्याला आम्ही हजेरी म्हणतो. एक नंबरची दोनला, दोन नंबरची दोन चारला, तशी ओळीनं. कंट्रोल रूमचा पहिला नंबर लागला नाही तर तीनदा लावायचा, मग दुसरा नंबर तीनदा; दर खेपेला एक मिनिट वाट, एक मिनिट विश्रांती. दोन्ही नंबर थकायला बारा मिनिटं लागतात. दोन चव्वेचाळीसमधून बारा गेली, दोन बत्तीस. दोन बत्तीसला नऊ नंबर बोलतो. आणि नऊ नंबरच्या पेटीत, कंट्रोल रूमच्या दोन नंबरांखाली, तिसरा नंबर कोणाचा होता ते मला तेव्हा आठवलं. सहा वर्षांपूर्वी चाचणीपुरता मीच टाकला होता. काढायचा राहिला होता. पेटी बिचारी सहा वर्षं तो सांभाळून होती, कधी वेळ आली नाही म्हणून वापरला नव्हता. आता परवापासून तिचं कोणी ऐकत नव्हतं आणि ती माझ्या घरी फोन करत होती.

तिसऱ्या खेपेच्या घंटीनं गुंडी उठली. तिला खांद्यावर टाकलं तेव्हा तिचा घामेजला कान माझ्या मानेला चिकटला, आणि मी सवयीनं तिच्या नाकाशी बोट नेलं. ही सवय कधी लागली ते सांगते. ती एकवीस दिवसांची असताना, एका सकाळी, आंघोळ घालून निजवल्यावर तिचा श्वास थांबला होता. ओठ निळसर झाले होते. मी उचललं, तळपायावर टिचकी मारली, ती दचकली आणि रडली, बस एवढंच. किती वेळ थांबला होता, असं डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि मी, जिनं सहा वर्षं सेकंदांचीच नोकरी केली, म्हटलं की मोजलं नाही. दोन दिवस तिला तारा लावून ठेवलं, काही निघालं नाही. असं होतं कधी कधी, बहुतेक पुन्हा होणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यातला बहुतेक हा शब्द मी घरी घेऊन आले. तेव्हापासून ती माझ्या नजरेबाहेर गेली ती मी आंघोळीला जाते तेवढीच, तीही दार उघडं ठेवून. नवरा म्हणतो, तिला झोपू दे आणि तूही झोप. त्याचं खरं आहे. दर पाच मिनिटांनी मी नाकाशी बोट नेते, ती त्या स्पर्शानं चाळवते, चाळवली की मला बरं वाटतं, आणि मग ती दिवसभर अर्धवट झोपेची किरकिरी असते. ऑफिसनं रजा दोनदा वाढवून दिली. तिसऱ्या पत्रात फक्त विचारलं होतं की पहिल्या तारखेला येणार का. ते पत्र फ्रिजवर चुंबकाखाली होतं आणि मी दूध काढताना त्याच्याकडे न बघता दूध काढायला शिकले होते.

तसं बघता ही माझी जुनीच खोड. मी तेवीस वर्षांची होते, मास्तर पंधरा दिवस रजेवर गेले होते, आणि मी त्यांना चकित करायचं ठरवलं. पेट्यांनी आपणहून फोन करायची वाट कशाला बघायची? मी असं रचलं की कंट्रोल रूमच एक नंबरला फोन लावेल, कशी आहेस विचारेल, ठेवेल, दोन नंबरला लावेल, मग तीन, चौदापर्यंत, आणि न थांबता पुन्हा एकपासून. पडद्यावरचे आकडे सारखे ताजे होत राहिले. मी डबा खातानाही त्यांच्याकडे बघत बसे, आणि खोटं कशाला बोलू, मला फार सुरक्षित वाटे. तिसऱ्या दिवशी पाच नंबरच्या टाकीची झडप अडकली. टाकी भरून वाहायला लागली. पाच नंबरनं ताबडतोब फोन लावला, लाइन गुंतलेली. पुन्हा लावला, गुंतलेली. एकेचाळीस वेळा लावला. लाइन गुंतलेली होती कारण मी सहाला, सातला, आठला विचारत होते, कशी आहेस, कशी आहेस. पाचची पाळी येईपर्यंत पाणी खालच्या रस्त्यावरून एका शिंप्याच्या दुकानात शिरलं होतं. तो ओला कोट हातात घेऊन ऑफिसात आला. कोणाच्या तरी लग्नाचा होता, एकच बाही लागलेली. मास्तर परतले, त्यांनी यंत्राची सगळी नोंद वाचली, बोटानं एक एक ओळ खाली सरकवत. ओरडले नाहीत. म्हणाले, "ती बोलत होती गं. तू विचारण्यात गुंतली होतीस." मग आम्ही दोघांनी बसून ती दुपारची हजेरी रचली. काही बिघडलं तर पेटी आपणहून बोलेल, आणि काही बिघडलं नाही तरी दिवसातून एकदा मी आहे म्हणेल. मधल्या वेळात तिला तिचं काम करू द्यायचं. हा मधला वेळ मला फार जड जायचा. मास्तर कॅलेंडरवरचं चित्र बघावं तसा पडदा बघत आणि चहा घेत.

गुंडीला कडेवर घेऊन मी मास्तरांना फोन लावला. त्यांचा आवाज ऐकल्यावर मी आधी माझी चूक सांगितली, नाहीतर धीर गेला असता. ते हसले, आणि म्हणाले की सहा वर्षं तुझ्या सासरचा नंबर आमच्या यादीत होता तर, आम्हाला एकदा तरी जेवायला बोलवायचं होतंस. मग मी नऊ नंबरचं विचारलं.

"नऊ हिरवा दिसतोय की," ते म्हणाले.

"कधीपासूनचा हिरवा, मास्तर?"

खुर्ची करकरल्याचा आवाज आला. ते पडद्याजवळ गेले असावेत. "परवाचा," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातलं हसू गेलं.

पुढचं आम्ही दोघांनी मिळून जुळवलं. तेरा पेट्या नव्या, बिनतारी नेटवर्कवर गेल्या होत्या. नऊ नंबर डोंगरामागच्या घळीत असल्यानं तिथे ते नेटवर्क पोचत नव्हतं, टॉवर उभा राहीपर्यंत तो जुन्या तारेवरच राहायचा होता. पण ऑफिसातल्या कोणीतरी, काम झालं म्हणून, कंट्रोल रूमच्या दोन्ही जुन्या लाइनी परत करून टाकल्या होत्या. निरोप येईना, तर पडद्यानं शेवटचा आलेला निरोपच धरून ठेवला, टाकी भरलेली, सगळं आलबेल. आणि नऊची टाकी भरलेली असेल तर आठ नंबरचा पंप चालू व्हायचं कारण नाही. दोन दिवस तो झोपला होता. वरची वस्ती नऊच्या टाकीवर जगते. संध्याकाळपर्यंत तिथले नळ कोरडे पडले असते. आठचा पंप मास्तरांनी लगेच माणूस धाडून हातानं चालू करवला. तेवढ्यानं आजचं भागलं. पण नऊ नंबरला नवा नंबर शिकवल्याशिवाय उद्या पुन्हा तेच. मास्तर म्हणाले, मोडेम मी माझ्या टेबलावरच्या फोनला लावतो, तसंही निवृत्तीला महिना राहिलेल्या माणसाला फोन कोण करतंय. पण पेटी उघडायची कोणी? तिचं जुनं सॉफ्टवेअर माझ्या जुन्या लॅपटॉपवर होतं. नव्या मुलांच्या लॅपटॉपला त्या पेटीची गोल पिन बसत नाही. जायला तास, यायला तास, काम अर्ध्या तासाचं. आणि घळीत मोबाइल लागत नाही. हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. त्यांना गुंडीचं सगळं ठाऊक होतं. "मी जीप धाडतो," ते म्हणाले. "बसायचं नसेल तर रिकामी परत येईल, तिला काय त्याचं."

सासूबाई तोवर आतून उठून आल्या होत्या. त्यांनी तीस वर्षं वाचनालयात काढली, त्यामुळे त्या हळू चालतात, हळू बोलतात, आणि समोरच्यालाही आपोआप हळू बोलायला लावतात. मी त्यांना सगळं सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःलाच कारणं देत गेले की जाता कसं येणार नाही. अडीच तास, आई. फोनही लागणार नाही. ती बाटलीनं नीट पीत नाही. त्यांनी गुंडीला माझ्याकडून घेतलं. गुंडीनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चष्म्याची दोरी तोंडात घातली. मी कागद घेऊन यादी लिहायला बसले. दूध किती गरम, कुठल्या कुशीवर झोपवायचं, किती वेळानं बघायचं. किती वेळानं यावर माझं पेन थांबलं. पाच मिनिटं लिहिलं, खोडलं, दहा लिहिलं, खोडलं. सासूबाई वाकून वाचत होत्या.

"ठेव ती यादी," त्या म्हणाल्या. "एक मूल वाढवलंय मी. तुझ्याच घरात फिरतंय ते, पायमोजे शोधत."

मी हसले, आणि हसताना डोळे भरून आले, म्हणून कपाटाकडे वळले. लॅपटॉप वरच्या कप्प्यात होता, गुंडीच्या आखूड झालेल्या झबल्यांखाली. केबल गुंडाळून ठेवलेली तशीच होती, मास्तरांच्या पद्धतीनं, कोपरापासून अंगठ्यापर्यंत.

जीपमध्ये बसल्यावर पहिली दहा मिनिटं मी मोबाइल हातात धरून होते. दोनदा घरी लावला. दोन्ही वेळा सासूबाईंनी हळू आवाजात ठीक आहे म्हटलं, आणि दुसऱ्यांदा पुढे म्हणाल्या की ती झोपायला आलीय, आता लावू नकोस. मग गावाबाहेरचा चढ लागला, मोबाइलवरच्या रेषा एक एक करून गेल्या, आणि माझ्या हातात एक काळी पाटी राहिली. ड्रायव्हर मुका बसला होता. बहुतेक मास्तरांनी बजावलं असावं. हाच रस्ता मी नऊ नंबर बसवताना बारा दिवस रोज केला होता. लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. सासरी मी अजून पाहुण्यासारखी वावरत होते, चमचे कुठल्या खणात ते विचारत होते. बाराव्या दिवशी सगळं बसलं, निरोप लिहून झाले, आणि नेमकी कंट्रोल रूमची लाइन रस्ता खणताना तुटली. चाचणी कोणाला फोन लावून करायची? मला पाठ असलेला दुसरा एकच नंबर होता. जीपनं चढाच्या वरपर्यंत जाऊन मी मोबाइलवरून सासूबाईंना सांगितलं, की आता फोन वाजेल, उचला, घाबरू नका, फक्त काय ऐकू येतं ते मला सांगा. मग खाली घळीत येऊन पेटीला फोन लावायला लावला, पुन्हा वर चढले. तीनदा खालीवर केलं. सासूबाई प्रत्येक वेळी मनापासून वर्णन करत. पहिल्यांदा म्हणाल्या, चिमणी अडकलीय बाई तारेत. दुसऱ्यांदा म्हणाल्या, दोन मोजेपर्यंत थांबते आणि परत ओरडते, बरोबर आहे का? तिसऱ्यांदा त्यांनी उत्तरच वेगळं दिलं. म्हणाल्या, मी तिला म्हटलं, बाई गं, ती तिथेच आहे, जरा धीर धर. त्या दिवशी घरी गेले तेव्हा त्यांनी मला चमच्यांचा खण न विचारता दाखवला, आणि आम्ही दोघींनी उभ्यानंच चहा घेतला, ओट्याशी. हे सगळं मी विसरले होते असं नाही. पण गेले अकरा महिने माझ्या डोक्यात एकच लाइन होती आणि ती सतत गुंतलेली होती, तिथे जुनं काही शिरायला जागाच नव्हती.

नऊ नंबरची खोली तीच. ओल्या सिमेंटचा आणि तापलेल्या धुळीचा एकत्र वास, टाकीच्या भिंतीतून येणारा पाण्याचा घनगंभीर आवाज, कोपऱ्यात मीच ठेवलेलं पालथं घमेलं, बसायला. पेटीचं दार उघडलं तर आत माझ्याच अक्षरातला कागद, कडा पिवळ्या, फिरता सात आणि गाठीचा नऊ. मोडेमचे लाल दिवे लागलेले. दोन दिवस कोणी ऐकत नसताना या पेटीनं काय केलं, ते मी नोंदीत वाचलं. तिनं वेळच्या वेळी हजेरी दिली होती. टाकी अर्ध्यावर आली तेव्हा आपणहून फोन लावला होता, पाव राहिली तेव्हा पुन्हा. घाई नाही, गोंधळ नाही. पहिला नंबर तीनदा, दुसरा तीनदा, हजेरीला तेवढा तिसराही तीनदा, मग पुढच्या वेळेपर्यंत थांबणं. तिसऱ्या नंबरापुढे काल आणि आज, दुपारच्या नोंदीत, उचलला असं होतं. पण पोच नाही. मी घमेल्यावर बसले, केबल लावली, मास्तरांच्या टेबलाचा नंबर पहिल्या जागी टाकला आणि पेटीला फोन लावायला सांगितलं. आकडे फिरले, घंटी गेली, लांब सूर आला, ओळख, वेग, आणि मग ती एकदम होणारी शांतता. कामाचं बोलणं सुरू झालं होतं. पडद्यावर टाकीची पातळी गेली आणि पोच आली. माझे खांदे इतके वर चढले होते हे मला ते खाली आल्यावर कळलं. मग मी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं. घरातून निघून दीड तास झाला होता, आणि खोलीत आल्यापासून अर्धा तास मी गुंडीला मनातही एकदा कशी आहेस विचारलं नव्हतं. ते लक्षात येताच मी उठून उभीच राहिले. मोबाइल पाहिला. काळी पाटी.

आता फक्त तिसरा नंबर काढायचा राहिला होता. मास्तरांचा नियम असा, की यादीतला कुठलाही नंबर काढण्याआधी तो एकदा वाजवून बघायचा. एकदा कोणीतरी घाईनं भलताच नंबर काढला होता आणि एक आख्खं स्टेशन आठवडाभर मुकं झालं होतं. तेव्हापासून पलीकडे कोण आहे ते आपल्या कानानं ऐकायचं, मगच पुसायचं. इतर सगळे मोडेमचा स्पीकर बंद ठेवतात, पण आमच्या चौदाही ठिकाणी मास्तरांनी तो चालू ठेवायला लावला होता. तेव्हा मी नियमानंच वागले, असं मला कोणालाही सांगता येईल. नऊ नंबरला मी माझ्या घरी फोन लावायला सांगितलं. पेटी बोलू शकत नाही, मीही तिच्यातून बोलू शकत नाही. पण पलीकडे दुसरा मोडेम सापडेपर्यंत, किंवा मिनिट संपेपर्यंत, लाइनवर जे काही असेल ते त्या स्पीकरमधून इकडे येतं. घंटी वाजायला लागली. एक. दोन. तीन. टाकीतलं पाणी वाजत होतं. चार. गुंडी उठेल, मला वाटलं, मी तिला उठवतेय. मग त्याच्या उलट वाटलं, की पाचव्या घंटीलाही कोणी उचलत नाही म्हणजे काहीतरी झालंय, त्या तिला घेऊन कुठे धावल्यात. सहाव्या घंटीला फोन उचलला गेला.

"हॅलो," सासूबाई म्हणाल्या, हळूच. पेटीनं शिट्टी घातली. दोन सेकंदांनी पुन्हा शिट्टी. "अगं, तू होय," त्या म्हणाल्या, पण मला नाही, पेटीला. मला वाटलं आता ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. काहीतरी सरकल्याचा, कापडाला घासल्याचा आवाज आला, आणि त्यांचा आवाज लांबून आला. "ये गं गुंडे, तुझ्या आईचा नऊ नंबर आलाय. ऐक काय म्हणतो."

आणि मग त्या रुपयाएवढ्या स्पीकरमधून गुंडीचा श्वास यायला लागला. तिनं रिसीव्हर तोंडाशीच धरला असणार, बहुतेक चाटतही असणार. ओला, जवळचा, खोलीभर झालेला श्वास. आत, बाहेर. आत जाताना थोडा अडखळणारा, किंचित सर्दीनं. अकरा महिने मी तो बोटाच्या टोकावर, आरशाच्या काचेवर, अंधुक उजेडात पाठीच्या चढउतारावर शोधत होते, आणि इथे, डोंगरामागे, सिमेंटच्या भिंतींवर तो आपटत होता. ती रडत नव्हती. मला शोधत नव्हती. पेटीनं शिट्टी घातली आणि तिचा श्वास क्षणभर थांबला. माझाही थांबला. मी मोजलं, या वेळी मी मोजलं. एक. दोन. मग गुंडीनं वरच्या पट्टीत ऊ केलं, अगदी आखूड. पेटीनं पुन्हा शिट्टी घातली. गुंडी थांबली, आणि पुन्हा ऊ. मागे सासूबाई हसल्या. मी स्पीकरला हात लावला. तो कोमट होता, कसलंही यंत्र असतं तसा. ऊ, शिट्टी, ऊ. दोघींची पाळी एकदाही चुकली नाही. मग मिनिट संपलं, पेटीनं लाइन सोडली, आणि पडद्यावर तिची ठरलेली ओळ आली, की पलीकडून उत्तर नाही.

मी तिसरा नंबर पुसला. बोट थोडं रेंगाळलं असेल, पण पुसला. खोलीत परत फक्त पाण्याचा आवाज राहिला. बाहेर ड्रायव्हरनं जीप वळवून उभी केली होती. पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला मास्तरांची नोंदवही दोरीनं अडकवलेली असते, पेनासकट; मी पेन झटकून चालू केलं. तारखेखाली लिहिलं, पहिला नंबर बदलला, तिसरा तपासून काढला. पुढची तपासणी कधी, असा त्यात एक रकाना असतो. तिथे मी पुढच्या महिन्याची पाच तारीख टाकली आणि सही केली. शेवटचा रकाना पोचेचा. तिसऱ्या नंबराच्या ओळीत तिथे यंत्राप्रमाणे नाही लिहायला हवं होतं. मी मिळाली असं लिहिलं आणि पेटीचं दार लावलं.